एक नोव्हेंबरच्या अलीकडचे, पलीकडचे

महाराष्ट्र पोलिसांत १ नोव्हेंबर २००५ ही तारीख खांद्यावरच्या फितीपेक्षा जास्त काही सांगून जाते. त्या दिवसाआधी रुजू झालेला शिपाई आणि नंतर रुजू झालेला शिपाई एकाच ठाण्यात बसतात, एकच स्टेशन डायरी लिहितात, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत एकाच गाडीतून बंदोबस्ताला जातात आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सारखेच घरी बसतात. फरक दिसतो तो पगारपत्रकातल्या कपातीच्या रकान्यात. एकाच्या नावापुढे जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, दुसऱ्याच्या नावापुढे एनपीएस. म्हातारपण कुणाच्या भरवशावर काढायचं, हे त्या रकान्यात ठरलेलं असतं.

वित्त विभागाचा शासन निर्णय निघाला ३१ ऑक्टोबर २००५ ला आणि लागू झाला दुसऱ्या दिवसापासून. तो दिवस लक्ष्मीपूजनाचा होता. योगायोग कुणी मुद्दाम साधला नसणार, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवसापासून नव्याने लागणाऱ्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम उरले नाहीत. त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना आली आणि पुढे ती केंद्राच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये मिसळली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात या विषयावर माणसं बोलतात. चहाच्या टपरीवर, बसस्टँडच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत. नोकरीतला पोलीस मात्र नावानिशी बोलत नाही, त्याला तशी मुभाच नाही. म्हणून खालच्या संवादातला जमादार हा एक माणूस नव्हे. अनेकांचं बोलणं मी त्याच्या तोंडी घातलं आहे. समोरचे काकाजीही तसेच रचलेले: कोषागारात हयात गेलेली, दर महिन्याला जुनी पेन्शन खात्यावर येते, आणि तरी जुन्या पेन्शनीच्या विरोधात बोलणारे. असे काकाजी विदर्भात तालुक्याला एक तरी सापडतात.

काकाजी: तुझं गाऱ्हाणं काय ते एकदा नीट सांग, जमादार. व्हॉट्सअॅपवर आलेलं नको वाचून दाखवू.

जमादार: गाऱ्हाणं साधं हाय, काकाजी. मी २००८ ले भरती झालो. माह्या साहेबाच्या आंगावर जी वर्दी, तेच माह्या आंगावर. साहेब रिटायर होईन तं शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन, वरून महागाई भत्ता. सरकारनं भत्ता वाढवला का त्याचंबी वाढते. तो गेला तं मांगून बायकोले कुटुंब पेन्शन. मी रिटायर होईन तवा माह्या हाती काय? एक खातं. त्यात बाजाराच्या मनात असंन तेवढे पैसे.

काकाजी: त्या खात्यात तुझे दहा टक्के आहेत, तसे सरकारचेही आहेत. आधी सरकार दहा टाकत होतं, आता चौदा टाकते. ते तू सांगत नाहीस.

जमादार: सांगतो ना. पण साहेबाचं एक रुपया कटत नाई पेन्शनसाठी. त्याचा जीपीएफ कटते, तो त्याचाच पैसा, व्याजासकट त्याले वापस भेटते. पेन्शन वेगळी. माहे दहा टक्के गेले ते पेन्शनीसाठीच गेले. म्हणजे दर महिन्याले मी त्याच्यापेक्षा कमी पगार घरी नेतो, अन् शेवटीबी कमीच नेईन.

काकाजी: थांब. साहेबाच्या पेन्शनीचा पैसा कुठं ठेवलेला असतो, ठाऊक आहे?

जमादार: सरकारजवळ.

काकाजी: कुठंच नसतो! मी इतकी वर्षं कोषागारात बिलं पास केली, मला विचार. जुन्या पेन्शनीला पेटी नाही, फंड नाही. यंदाच्या अर्थसंकल्पात तरतूद होते आणि यंदाच्या करातून यंदाच्या म्हाताऱ्यांना पैसे जातात. माझी या महिन्याची पेन्शन कुणाच्या तरी पेट्रोलवरच्या करातून आली असंल. मी तीस वर्षं नोकरी केली त्याबदल्यात सरकारनं बाजूला काही ठेवलं असं समजू नको. फक्त शब्द ठेवला.

जमादार: मंग तोच शब्द आमाले द्या ना.

काकाजी: शब्द द्यायला काय जातं? पाळणारा वेगळा असतो. २००८ साली तुला शब्द देणारा मंत्री वेगळा, २०३९ साली तू घरी जाशील तेव्हाचा वेगळा, आणि तू पंच्याऐंशी वर्षं जगलास तर त्याच्यानंतरचेही पाच-सहा. माणसं आता जास्त जगतात. पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज, या तिघांतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून जास्त वाटा संपतो. उरलेल्यात धरणं, दवाखाने, रस्ते, शाळा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात फडणवीस सभागृहात बोलले ते आठव. तेव्हा ते उपमुख्यमंत्री आणि वित्तमंत्री. जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा, राज्य दिवाळखोरीत जाईल.

जमादार: आठवते ना. अन् त्याच्यानंतर दोनच महिन्यांनी काय झालं तेबी आठवते.

(जमादाराचा रोख अमरावती पदवीधर मतदारसंघाकडे आहे. यवतमाळ जिल्हा त्याच मतदारसंघात येतो. फेब्रुवारी २०२३ च्या निकालात तिथे भाजपचे रणजित पाटील हरले आणि काँग्रेसचे धीरज लिंगाडे निवडून आले. नागपूर शिक्षक मतदारसंघही भाजपच्या हातून गेला. दोन्हीकडे प्रचारात जुनी पेन्शन हा बोलका मुद्दा होता. पदवीधर आणि शिक्षक मतदान करू शकतात, मोर्चा काढू शकतात, संप करू शकतात. पोलीस यातलं फक्त पहिलं करू शकतो.)

काकाजी: हिशेब तरी मांडून पाहिलास का कधी? समजा शेवटचा मूळ पगार साठ हजार. जुन्या योजनेत पेन्शन तीस हजार, अधिक महागाई भत्ता. आता तुझं खातं. समजा त्यात चाळीस लाख जमले. साठ टक्के, म्हणजे चोवीस लाख तुला हातात मिळतील. चाळीस टक्के, म्हणजे सोळा लाखांची अॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून महिन्याची पेन्शन, घ्यावीच लागेल. सहा टक्क्यांनी धरलं तर वर्षाला शहाण्णव हजार, महिन्याला आठ हजार.

जमादार: आठ हजार! पाहा, तुमीच बोलले.

काकाजी: पुरतं ऐक. चोवीस लाख हातात आहेत ना? तेही सहा टक्क्यांनी ठेवलेस तर महिन्याला बारा हजार. झाले वीस. आणि ते चोवीस लाख तुझेच, तुझ्यानंतर पोरांचे. मी मेलो की माझ्या पोराला माझ्या पेन्शनीतला छदामही मिळणार नाही.

जमादार: वीस हजार आज. दहा वर्षांनी बी वीसच. तुमचे तीस तवर भत्त्यानं किती होतीन? अन् चोवीस लाख बँकेत तसेच राहतीन असं कोन म्हणते? पोरीचं लग्न हाय, घराचा स्लॅब हाय, पोट्ट्याले नागपूरले क्लास लावाचा हाय. आमच्या खात्यात माणूस रिटायर झाला का सहा महिन्यात त्याच्या दारी सगळे सोयरे येऊन बसते. पेन्शनीचं बरं असते, ते महिन्याच्या महिन्याले येते, कोनाले एकदम देता येत नाई.

इथे काकाजी हसले असते, कारण कोषागारात त्यांनी हेच पाहिलं आहे. अंशराशीकरणाची रक्कम, म्हणजे पेन्शनीतला चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकदम मिळालेले पैसे, वर्षाच्या आत संपवलेले किती तरी लोक त्यांना ठाऊक. त्यांना वाचवलं ते उरलेल्या साठ टक्क्यांनी. पैसा माणसाच्या हातात देणं म्हणजे त्याला स्वातंत्र्य देणं, असं अर्थतज्ज्ञ म्हणतात. दारव्ह्यासारख्या गावात हातात आलेला पैसा एकट्याचा कधीच नसतो, हे त्यांच्या तक्त्यात कुठे बसवायचं?

काकाजींनी मग मोठा मुद्दा काढला, आणि तो टाळता येण्यासारखा नाही.

काकाजी: बरं, राहू दे तुझं-माझं. इथल्या तहसिलीत जाऊन उभा राहा एक दिवस. संजय गांधी निराधारचे दीड हजार रुपये का आले नाहीत, म्हणून म्हाताऱ्या बाया पायरीवर बसलेल्या असतात. शेतकऱ्याला केंद्राचे वर्षाला सहा हजार, राज्याचे सहा हजार. बारा हजार वर्षाचे, जमादार! कापूस पिकवला, तूर पिकवली, सत्तर वर्षं उन्हात काढली, त्याला महिन्याला हजार. आणि आपल्याला तीस हजार कमी पडतात. त्याच्या किराण्यावर, डिझेलवर जो कर लागतो, त्यातून माझी पेन्शन निघते. मला रात्री कधी कधी याची लाज वाटते.

जमादार: लाज वाटते तं सोडून द्या पेन्शन.

काकाजी: (गप्प)

जमादार: रागवू नका. पण मलेच शेतकरी दाखवता का तुमी? माहा बाप शेतकरीच. चार एकर कोरडवाहू. त्याचे ते बारा हजार माह्याच फोनवर मेसेज येऊन जमा होते. त्यानं मले पोलिसात काऊन घातलं? सकाळी चार वाजता उठवून नदीच्या रस्त्यानं पळवलं ते कायसाठी? घरात एक तरी असा माणूस असावा का ज्याचा पगार पावसावर नाई, अन् म्हातारपण भावावर नाई. आता तुमी म्हनता शेतकऱ्याले नाई म्हून तुलेबी नको. २००५ पासून आमची काढली ना? त्यातून जे वाचलं ते शेतकऱ्याले भेटलं का? दाखवा मले कोनत्या शेतकऱ्याले भेटलं.

याला काकाजींजवळ उत्तर नव्हतं, आणि माझ्याजवळही नाही. वाचलेला पैसा अर्थसंकल्पात वेगळा दिसत नाही. शिवाय लगेच वाचलाही नाही: जुन्यांची पेन्शन चालूच, वर नव्यांच्या खात्यात सरकारी हिस्सा. २००५ च्या निर्णयाची खरी बचत २०३५-४० च्या पुढे दिसणार होती. राज्यकर्त्यांनी तीस वर्षांपुढचा विचार केल्याचं हे आपल्याकडचं दुर्मीळ उदाहरण, हेही कबूल केलं पाहिजे.

जमादार: अन् एक सांगू? १४ मार्च २०२३. राज्यातले कर्मचारी संपावर गेले, आठवते? शाळा बंद, दवाखान्यात हाल, तहसिलीत कुत्रं नाई. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हनत मोर्चे निघाले. मोर्च्यासमोर काठी घेऊन कोन उभं होतं? आमीच. घोषणा देणारा मास्तर २००८ चा, समोरचा शिपाईबी २००८ चा. त्यानं ओरडाचं, मी ऐकाचं. त्यानं माह्यासाठीबी ओरडून घेतलं म्हना, पण मी हासलोबी नाई. कोनी व्हिडिओ काढला असता तं?

काकाजी: पोलिसाला ती मोकळीक देता येत नाही. मुंबईचं १९८२ तुला ठाऊक नाही, तू तेव्हा पाळण्यात होतास. पोलीस संघटना झाली होती. १८ ऑगस्टला पुढाऱ्यांना पकडलं आणि शिपाई रस्त्यावर आले, जाळपोळ झाली, लष्कर बोलवावं लागलं. तिकडं गिरणी संप चालू. ज्यानं दंगल थांबवायची तोच दंगलीत. संघटनेची मान्यता गेली ती गेलीच.

जमादार: म्हून आमचं तोंड बंद. ठीक हाय, बंद ठेवतो. पण ज्याचं तोंड तुमी कायद्यानं बंद केलं, त्याच्या ताटातलं काढताना दोनदा इचार कराचा का नाई?

मला या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार प्रश्न हाच वाटतो. १९६६ चा पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) कायदा पोलिसाला परवानगीशिवाय संघटनेत जाऊ देत नाही. त्याच्याही मागे १९२२ चा, इंग्रजांच्या काळातला, पोलिसांत अप्रीती पसरवण्याबद्दलचा कायदा उभा आहे. घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने संसदेला तसा अधिकार दिला आहे, आणि तो असावा असंच मलाही वाटतं. पण घासाघीस करण्याचा हक्क काढून घेतल्यावर मालकाची जबाबदारी वाढते. मास्तराचे आणि पोलिसाचे नियम एकाच कागदावर, एकाच दिवशी बदलले. एकाला सात दिवस संप करून २० मार्चला सरकारकडून समिती आणि आश्वासन घेऊन घरी जाता आलं, दुसऱ्याला त्या सात दिवसांत रजा रद्द झाल्याचा निरोप मिळाला.

१९८२ हे सालही मोठं विचित्र. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम लागू झाले १५ ऑगस्ट १९८२ ला. त्यानंतर तीनच दिवसांनी मुंबईचे पोलीस रस्त्यावर. आणि १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा नकारा खटल्याचा निकाल, ज्याच्यामुळे तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचं घटनापीठ होतं. पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असं न्यायालयाने ठासून सांगितलं.

जमादार: त्याच निकालात तारखेचाबी मुद्दा होता ना? आमच्या ग्रुपवर आलं होतं.

काकाजी: होता. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना नवं, वाढीव सूत्र नाही, नंतरच्यांना आहे. ती रेघ कोर्टानं पुसली. पण तुझ्या कामाचा नाही तो निकाल. तिथं सगळे एकाच योजनेतले पेन्शनर होते. तू नोकरीत शिरलास तेव्हा पाटी आधीच बदललेली होती. अर्ज भरताना तुला कुणी जुनी पेन्शन देऊ म्हणालं नव्हतं.

जमादार: मले नाई म्हटलं. पण ज्याईची जाहिरात नोव्हेंबरच्या आधी निघाली, परीक्षा झाली, अन् सरकारच्या ढिलाईनं ऑर्डर उशिरा भेटली त्याईचं काय? तोच गडी महिनाभर आधी रुजू झाला असता तं जुन्यात बसला असता.

काकाजी: त्यांचं झालं ना. २ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय. पदाची जाहिरात किंवा अधिसूचना १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असंल तर जुन्या पेन्शनीचा विकल्प. उशीर झाला, पण झालं.

जमादार: एकोणीस वर्षांनी.

काकाजी: एकोणीस नाही, अठरा आणि तीन महिने.

लेखाविभागातला माणूस सांत्वनसुद्धा अचूक करतो.

काकाजींचा हुकमाचा पत्ता अजून बाकी होता. निवृत्त लेखा कर्मचाऱ्याच्या हाती मोबाइल आला की तो सिनेमे पाहत नाही. जगभरच्या पेन्शन योजना कशा बुडाल्या ते वाचत बसतो.

काकाजी: अमेरिकेत टेक्सास राज्यात डॅलस शहर आहे. तिथल्या पोलिसांचा आणि अग्निशमनवाल्यांचा वेगळा पेन्शन फंड. निवृत्तीला पात्र झालेल्या पोलिसानं नोकरी सोडली नाही, तर त्याची पेन्शन एका खात्यात जमा होत राहायची आणि त्यावर किमान आठ टक्के व्याजाची हमी. बाजार पडो की चढो, आठ टक्के! फंडवाल्यांनी मग ते व्याज आणायला पैसा कुठं कुठं घातला. हवाईत आलिशान घरं, डॅलसमध्ये उंच टॉवर. तोटा झाला. २०१६ साली बातमी फुटली तशी पोलिसांची रांग लागली, काही महिन्यांत पन्नास कोटी डॉलरच्या वर पैसा काढून नेला. शेवटी महापौर कोर्टात गेले, मंडळानं पैसे काढणं थांबवलं. २०१७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं कायदा केला. पोलिसाची वर्गणी वाढून साडेतेरा टक्के, निवृत्तीचं वय अठ्ठावन्न, महागाईची वाढ बंद, फंड सुधरेपर्यंत. ज्यांनी शब्दावर भरवसा ठेवला त्यांनाच भरावं लागलं. पैशाविना दिलेल्या हमीचं असं होतं.

जमादार: काकाजी, तुमी हे माह्या बाजूनं सांगून रायले का तुमच्या?

काकाजी: म्हणजे?

जमादार: तिथं फंड होता. फंडवाल्यानं बाजारात घातला. बाजारात बुडाला. माहा एनपीएस काय हाय? फंडच ना? साहेबाच्या पेन्शनीले फंड नाई म्हून ते बुडतबी नाई.

काकाजी: अरे, एनपीएस बुडत नाही. त्यात हमीच नाही, तर बुडेल काय?

जमादार: बरोबर. योजना बुडत नाई, माणूस बुडते.

काकाजींनी चष्मा काढून पुसला. मुद्दा निसटला होता आणि तो त्यांनीच जमादाराच्या हाती दिला होता. डॅलसमधून मला दिसतं ते थोडं वेगळं आहे. तिथे पेन्शन बदलली ती विधिमंडळात विधेयक येऊन, सुनावण्या होऊन. पोलिसांच्या संघटना समोर बसून बोलल्या, भांडल्या, काही मिळवलं आणि बरंच गमावलं. गमावलं तरी कशापायी गमावलं, ते त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडचा २००५ चा कागद दिवाळीच्या तोंडावर निघाला, आणि तो ज्यांच्यासाठी होता ते तेव्हा कुठल्या तरी मैदानावर धावण्याचा सराव करत होते.

पुन्हा उलट्या दिशेने जाणाऱ्या राज्यांचीही गोष्ट निघाली. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल यांनी २०२२ पासून पुढे जुनी पेन्शन परत आणायचं ठरवलं. आपल्या कर्मचाऱ्यांचे एनपीएसमध्ये साठलेले पैसे त्यांनी केंद्राकडे मागितले, तेव्हा ते परत देण्याची कायद्यात तरतूद नाही, असं उत्तर आलं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या जवानांना दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये जुन्या पेन्शनीचा हक्क दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. राज्याच्या पोलिसाला त्या निकालात शिरायलाही दार नव्हतं, कारण तो संघराज्याच्या सशस्त्र दलात मोडत नाही.

काकाजी: आता मधला रस्ता निघाला ना पण? मार्च २०२४ मध्ये राज्यानं सुधारित योजना जाहीर केली. २४ ऑगस्टला केंद्रानं एकीकृत पेन्शन आणली, दुसऱ्याच दिवशी आपल्या मंत्रिमंडळानं ती घेतली. देशात पहिलं राज्य. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं, वर महागाई. मागं बायकोला त्याच्या साठ टक्के. दहा वर्षं झाली असतील तर किमान दहा हजार. तुला आणखी काय पाहिजे?

जमादार: १ लाख १० हजार कोटींचं काय झालं मंग? दीड वर्षात तिजोरी भरली?

काकाजी: विधानसभा नोव्हेंबरात होती.

जमादार: हं. आता ऐका. माहे दहा टक्के कटनं बंद झालं का? नाई. साहेबाचे कटत नाई, माहे कटते. खात्यातला पैसा मले भेटते का? पेन्शन पायजे तं तो सरकारकडं. माह्या हाती दर सहा महिन्याच्या नोकरीमागं महिन्याच्या पगाराचा दहावा हिस्सा. पंचवीस वर्षांचे किती होते?

काकाजी: पन्नास सहामाह्या. पाच महिन्यांचा पगार. ग्रॅच्युइटी त्याच्याशिवाय.

जमादार: अन् माह्या साळ्याचं पाहा. त्याचा बाप नोकरीवर असताना वारला, अनुकंपेत नाव लागलं, ऑर्डर येता येता पोरगा छत्तीस वर्षांचा झाला. त्याची नोकरी किती होईन?

काकाजी: बावीस. पंचवीसच्या खाली, म्हणजे प्रमाणात. चव्वेचाळीस टक्के.

जमादार: उशीर कोनाचा? त्याचा का? बाप मेला तवा तो एकवीसचा होता.

काकाजी: हे चूक आहे. हे मी मान्य करतो. अनुकंपावाल्याला प्रतीक्षायादीतली वर्षं धरायला पाहिजेत, निदान पोलिसात.

इथे दोघं पहिल्यांदा एका बाजूला आले. आणि एकदा आल्यावर त्यांना दुसरी गोष्ट आठवली, जिच्यात वाद नव्हताच. नव्या योजनेतला कर्मचारी सेवेत असताना गेला तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची सोय केंद्राने २००९ मध्ये केली. महाराष्ट्राने तो निर्णय घेतला ३१ मार्च २०२३ ला, संप मिटल्यानंतर अकरा दिवसांनी. मधली चौदा वर्षं. पोलिसाच्या नोकरीत माणूस गोळीनेच मरतो असं नाही. दुर्गोत्सवाचा बंदोबस्त करून घरी येतो आणि छातीत कळ येते, रात्रगस्तीत दुचाकी ट्रॉलीवर आदळते. त्या चौदा वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्या क्वार्टरमधून कुठली बाई पोरांना घेऊन माहेरी गेली, याची यादी माझ्याकडे नाही, पण ती गेली. काकाजींचा सगळा हिशेब, तिजोरी, बोजा, आयुर्मान, मला पटतो. तो या ठिकाणी येऊन थांबतो, कारण इथे रक्कम फारच थोडी होती आणि ती थांबवायला तिजोरीचं कारण पुरत नाही. संप झाला म्हणून ते झालं, आणि संप पोलिसांनी केलेला नव्हता.

जमादार: काकाजी, तुमी खरं खरं सांगा. तुमाले दोनातलं निवडाले सांगितलं असतं, तं?

काकाजी: मी जुनीच घेतली असती. कोण नाही घेणार? पण मला विचारलं असतं की राज्यानं काय करावं, तर मी म्हटलं असतं, मला देऊ नका.

जमादार: म्हंजे घराच्या आत एक, घराच्या बाहेर एक.

काकाजी: हो. त्यात खोटं काही नाही. नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या दाखल्यावर सही करायला जातो ना, तेव्हा माझ्या मागं उभा असलेला म्हातारा निराधारचे दीड हजार आले का ते विचारायला आलेला असतो. दोघांचंही खातं त्याच बँकेत. मी सही करतो आणि घरी येतो. पैसे परत करत नाही.

जमादार: मंग माह्यासाठी काय सांगता? विकल्प देऊ का नको? एकदा दिला का बदलता येत नाई म्हनते.

काकाजी: तुझी सेवा एकतीस वर्षं होते, तुला पुरतं निम्मं मिळंल. हातात रक्कम कमी येईल, पण तुझे सोयरे पाहता ते चांगलंच. मला विचारशील तर दे. पण २०३९ ला अजून वेळ आहे. २००५ ला बदललं, २०२४ ला बदललं. तुझ्या निवृत्तीपर्यंत आणखी एकदोनदा बदलणार नाही, असं मी लिहून देत नाही.

जमादार: अन् बदललं तं आमाले विचारतीन?

काकाजी: कागद येईल. वाचायचा. सध्या एक काम कर. विकल्पाच्या आधी सेवापुस्तक काढून पाहा. भरती झालास तेव्हा लग्न नव्हतं तुझं. नामनिर्देशनात कुणाचं नाव आहे?

जमादार: मायचं असंन.

काकाजी: तिला जाऊन किती वर्षं झाली?

जमादार: सहा.

काकाजी: मग आधी ते बदल. सोमवारी आस्थापनेच्या बाबूकडे जा, बायकोचं आधार घेऊन. आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नको.